हरणांसाठी पेरलेली बांधी

"हा माणूस हरणं बोलावते, साहेब," मी म्हटलं आणि दादाच्या पाठीवर थाप मारली.

कापगते साहेब म्हणजे आमचे रेंजर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि दादाकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. दादा उभा होता. म्हणजे नुसता उभा. खांबाला सदरा घालून ठेवावा, तसा.

"बोलावते म्हणजे?"

"म्हणजे आवाज देते. चितळ येते. आमच्या गावात कोणालेही विचारा."

आता गाव कुठं होतं विचारायला? आमचं बोरदहा त्याच उन्हाळ्यात जंगलातून उचलून डांबरी सडकेच्या कडेला आणून ठेवलं होतं. टिनाची घरं, घरांवर नंबर, मधोमध एक बोअरवेल. तिथं कोणाला विचारलं असतं तर त्यानं पहिलं हेच सांगितलं असतं, की सुकरू कन्नाकेच्या, म्हणजे माझ्या, बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

"काय रे दौलत, खरं आहे का?" साहेबांनी दादाला विचारलं.

दादा बोलला नाही. मी मागून चिमटा काढला, तरी नाही. अंगात कोणी असेल तर चिमटा लागणार ना.

"तो माणसाशी कमीच बोलते, साहेब," मी म्हटलं. "म्हणून तर हरणं ऐकते त्याचं."

साहेब हसले. हसणारा माणूस अर्धा आपला झालेला असतो, हे मला माझ्या पानठेल्यावर बसून कळलेलं आहे. त्यांनी दादाचं नाव मजुरांच्या यादीत लिहून टाकलं, माझंही लिहिलं, आणि आम्ही दोघं भाऊ दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या गाडीत बसून आमच्याच गावाला मजुरीला निघालो.

काम असं होतं. गाव उठलं तिथल्या रिकाम्या बांध्यांत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतांत, गवत पेरायचं. गवत वाढलं की चितळ येणार, चितळामागं वाघ येणार, आणि वाघामागं जिप्सीतले पाहुणे. पेरणी झाली की बाकीचे मजूर घरी. राखणीला मात्र एकच माणूस ठेवायचा होता. त्याला पास मिळणार होता, सकाळी खात्याची गाडी नेऊन सोडणार आणि दिवस बुडायच्या आत परत आणणार. गवतातलं तरोटा, रानतुळस असलं तण उपटायचं, आणि हरणं येतात की नाही ते पाहायचं. बाकी बोरदह्याच्या कोणालाही आता तिकडं पाय टाकायची परवानगी नव्हती. आणि पेरायची पहिली बांधी ठरली होती नाल्याकाठची. आमची.

हे सगळं मी का करत होतो, तर सायत्रा वहिनीसाठी. गाव हलल्यावर काही दिवसांनी ती ठेल्यावर आली. पान खात नाही, सुपारी खात नाही, उगाच उभी राहिली.

"भाऊजी, तुमचे दादा जेवत नाही."

"मन लागत नसन नव्या घरात."

"मन लागत नाही असं नाही. मनच नाही तिथं. ताटावर बसते, भातात हात फिरवते, उठते. रात्री झोपते का जागते तेही समजत नाही. मी मरून गेली तरी त्याइले समजणार नाही."

"डॉक्टरले दाखवू."

"दाखवलं. तो म्हणते काही नाही झालं." वहिनीनं पदर खोचला. "तुम्ही जन्मभर लोकाइले फसवलं ना? सरपंचाले फसवलं, टुरिस्टाले फसवलं, माझ्या बापाले लग्नात फसवलं. मग आता एकदा त्या साहेबाले फसवा. याइले तिथं धाडा. नाही तर हा माणूस इथं बसल्या बसल्या वाळून जाईन."

तिच्या बापाला मी कसं फसवलं होतं ती वेगळी गोष्ट आहे. पण मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मी ज्याला त्याला हो म्हणत होतो तेव्हा. गाव हललं त्यानंतर लोकांना हसवायचं काम मी चालूच ठेवलं होतं, सवय म्हणून. लोकही हसत होते, सवय म्हणून. पंप कोरडा चालतो ना, आवाज येतो आणि पाणी येत नाही, तसं.

आता यातली गंमत ऐका. दादा हरणं बोलावतो हे मी साहेबांना सांगितलं, आणि दादानं अख्खी जिंदगी हरणं हाकलण्यात घातली होती. आमच्याकडं धान निसवलं की रात्री राखणीला, जागलीला, जावं लागायचं. प्रत्येकाच्या बांधीत मचाण, आणि प्रत्येकाचा आपला आपला आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी कळायचं, हा आवाज कोणाचा आणि कोणत्या बांधीतून आला. दादाचा आवाज म्हणजे, "हुर्रे हो हो हो," असा खालून सुरू व्हायचा आणि शेवटी फाटायचा. नाल्यापलीकडचे लोक म्हणायचे, चितळ दौलतच्या आवाजाला वाघापेक्षा जास्त भितात. आमच्या बांधीत दाण्याची नासधूस सगळ्यात कमी असायची. त्याचा दादाला फार अभिमान होता.

अशा माणसाला मी हरणांचा मामा म्हणून कामाला लावलं.

गावाच्या जागी पोचलो तेव्हा घरं नव्हतीच. खात्यानं भिंती पाडून सपाट केलेलं. आमच्या घराच्या जागी तरोटा कंबरभर. मला वाटलं होतं, दादा रडेल, निदान बसेल. तो चप्पल काढून बांधीत उतरला आणि पेरायला लागला. मारवेल गवताचं बी मातीत मिसळून फेकायचं असतं. त्याचा हात असा सुटत होता जसा आवत्या टाकतोय, म्हणजे धानाचं बी फेकून पेरतोय.

"दादा," मी म्हटलं, "आजवर ज्याइले शिव्या देल्या, त्याइलेच पंगत वाढून राह्यलो आपण."

"हो," दादा म्हणाला.

एवढंच. पण तो बोलला म्हणून मी घरी येऊन वहिनीला सांगितलं, आणि वहिनीनं ते दोनदा वदवून घेतलं.

पावसाळा गेला. गवत चांगलं उठलं. बाकीचे मजूर घरी गेले आणि आम्हा दोघांना, कापगत्यांच्या वरचे मोठे साहेब येऊन पाहून जाईपर्यंत, असं ठेवलं. राखणीला कोण राहील ते मोठे साहेब ठरवणार होते. कापगते साहेबांच्या मनात दुसऱ्या कोणाचं नाव होतं, गार्डच्या ओळखीचा एक पोरगा. मला त्यांनी सरळ सांगितलं, "सुकरू, तुझा भाऊ काम चांगलं करतो. पण हरणं आली पाहिजेत. साहेबांसमोर आली पाहिजेत. नाही आली तर मी काय सांगू?"

"येतीन ना साहेब. बोलावते तो."

"मग बोलावू दे."

दरम्यान दादानं एक काम केलं. बांधीच्या नाल्याकडच्या ओल्या कोपऱ्यात त्यानं लाखोळी, आमच्या खायच्या डाळीचं पीक, टाकली. धान कापल्यावर त्या कोपऱ्यात तो दरवर्षी टाकायचा, तशीच. बी घरून कंबरेला बांधून आणलं होतं, मला सांगितलं नाही. उगवली तेव्हा कापगते साहेबांनी पाहिली.

"हे गवत नाही."

"लाखोळी आहे, साहेब," मी म्हटलं. "चितळाले मिठाई. मुद्दाम टाकली."

"असू दे, असू दे," साहेब म्हणाले. "चांगलं डोकं लावलं."

दादा कोपऱ्यात उकिडवा बसून लाखोळीतलं तण काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

मोठ्या साहेबांची तारीख ठरली. चितळ यायची, पण लाजत, धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच, परत जायची. म्हणून मी माझा धंदा केला. वहिनीकडून खडं मीठ घेतलं, मागच्या सालची वाळली मोहफुलं घेतली, आणि रोज थोडी थोडी गवतात टाकत गेलो. पहिलं पान फुकट दिलं की गिऱ्हाईक दुसऱ्याला पैसे घेऊन येतं. चितळांचंही तसंच निघालं. धुऱ्यावरची आत आली, आतली कोपऱ्यापर्यंत आली. दादा तेव्हा दुसऱ्या अंगाला रानतुळस उपटत असायचा. मी त्याला तिकडं अडकवून ठेवायचो.

मोठे साहेब पौषात आले. ऊन कलतं झालं होतं. खात्यानं बांधलेल्या नव्या मचाणावर साहेब बसले, शेजारी कापगते. मी चहाचा थर्मास घेऊन शिडीवर. दादा खाली, मचाणाच्या खांबाला टेकून बसलेला. मोठे साहेब शांत माणूस होते. नागपूरचे. बोलताना आवाज चढवत नव्हते. जंगलात तसंच बोलावं लागतं म्हणा.

आधी एक म्हातारी मादी आली. धुऱ्यावर उभी राहून पाय आपटला, कान फिरवले. मग उतरली. तिच्यामागं पिल्लावाल्या, मग नर, शिंगांवर लव असलेले. कळपच्या कळप बांधीत शिरला. साहेबांनी दुर्बीण लावली आणि तोंडातून हळूच "वा" म्हणाले. कापगते साहेबांनी वाकून माझ्या कानात विचारलं, "बोलावलं कधी यानं?"

"मनात बोलावलं, साहेब."

"गप."

त्यांच्या तोंडावर असं समाधान होतं की मी तिथल्या तिथं मनात दादाचा पास बनवून टाकला. त्यावर शिक्काही मारला.

तेवढ्यात ती म्हातारी मादी चरत चरत कोपऱ्यात गेली आणि लाखोळीला तोंड लावलं. तिचं पाहून बाकीची गेली.

खाली दादा उठला.

मला वाटलं, पाय मोकळे करतोय. त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले, आणि तो आवाज निघाला. "हुर्रे हो हो हो." खालून सुरू झाला, वर गेला, फाटला. इतक्या महिन्यांचा साठलेला. अख्खी बांधी उधळली. चितळं एकमेकांच्या अंगावर पडत धुऱ्यावरून उडाली, झाडावरची माकडं खेकसली, मोर उठले. मोठ्या साहेबांचा चहा त्यांच्या मांडीवर. दादानं ढेकूळ उचललं, पळत जाऊन शेवटच्या नराच्या मागं भिरकावलं, आणि तिथून वळून मचाणाकडं आला. छाती भात्यासारखी चालली होती. डोळ्यांत माणूस होता.

"तुमच्या डोळ्यांदेखत उभं पीक खाऊन राह्यले," तो मोठ्या साहेबांना म्हणाला, "अन् तुम्ही दुर्बीण लावून पाहता? तोंड नाही तुमाले?"

 कापगते साहेबांचा चेहरा पुसून टाकल्यासारखा. मग दादाला समजलं. तो कुठं आहे, हे कोण आहेत, ते सगळं समजलं. त्याच्या डोळ्यांतून तो माणूस परत निघून जाताना मला दिसला. तो खांबाशी जाऊन बसला.

माझं तोंड आपोआप चालू झालं. मला कोणी विचारलंही नव्हतं.

"हे मुद्दाम आहे, साहेब. माझा भाऊ म्हणते, रोज आयतं खाल्लं का जनावराची शेळी होते. माणूस दिसला तरी पळत नाही. मग उद्या कोणी बंदूकवाला आला तर? वाघ आला तर? म्हणून तो बोलावते, खाऊ देते, अन् मध्येच एकदा हाकलते. अंगात भीती राह्यली पाहिजे. जंगली ते जंगली राह्यलं पाहिजे."

"आणि पीक म्हणाला ते?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आमच्यात मातीतून जे उगवते त्याले पीकच म्हणते, साहेब. तरोटा सोडून."

साहेबांनी रुमालानं मांडी पुसली. माझ्याकडं बराच वेळ पाहिलं, मग खाली दादाकडं.

"ही शेती कोणाची होती?" त्यांनी विचारलं.

"आमची," दादा म्हणाला.

साहेब शिडी उतरले. गाडीत बसताना कापगत्यांना म्हणाले, "यालाच ठेवा. याच्या पद्धतीनं करू द्या."

साहेब फसले की नाही, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी पुष्कळ लोकांना फसवलं आणि प्रत्येकाचं तोंड मला आठवतं, फसलेलं कसं असतं ते. त्यांचं तसं नव्हतं.

पण पास मिळाला. गळ्यात घालायचा, फोटोवाला.

त्यानंतर दादा जो बदलला, ते विचारू नका. सकाळी गाडीच्या आधी तो सडकेवर उभा. संध्याकाळी घसा बसवून परत. वहिनी मिठाचं गरम पाणी घेऊन दारातच थांबायची. गुळण्या करून झाल्या की दादा जेवायचा, मागून घ्यायचा, आणि बोलायचा.

"आज उजव्या अंगानं शिरले. मी पळसामागं बसलो. येऊ देल्ले पार मधात. अन् मग असा आवाज देल्ला!"

"अन् मग?" वहिनी विचारायची. तिला सगळं पाठ झालं होतं, तरी.

"मग काय. नाल्याच्या पार."

मी म्हणायचो, "सरकारनं हरणाइले जेवायले बोलावलं, अन् जेवत्या ताटावरून उठवायले तुले ठेवलं. असं सरकार पाह्यलं नाही." वहिनी हसायची. तिच्या हसण्यात पाणी येत होतं आता. दादाही एकदा हसला. माझ्यात अजून नव्हतं येत, पण माझं काय, माझं चालून जातं.

मग पळस फुलायचे दिवस आले. होळी तोंडावर होती. बांधीतलं गवत वाळून पिवळं झालेलं, पण नाल्याकडचा कोपरा अजून ओला होता आणि चितळं दिवसभर तिथंच असायची, असं दादा सांगायचा. नंतर नंतर सांगणं कमी झालं. मला ते लक्षात आलं नाही. वहिनीला आलं असेल.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो तेव्हा वहिनी गुळण्यांच्या पाण्याचा गंज, ते छोटं पातेलं, घेऊन उभी होती आणि दादानं हातानंच नको म्हटलं. ओट्यावर बसला. घसा बसलेला नव्हता. आवाज साफ होता.

"काहून, आज आले नाही का?" मी विचारलं.

"आले."

"मग?"

"पळत नाही."

वहिनीनं गंज खाली ठेवला.

"काल बी नाही पळाले. परवा थोडे सरकले होते. आज आवाज देल्ला तर मान वर करून पाह्यलं नुसतं, अन् पुन्हा खाऊ लागले. ढेकूळ मारलं. एक मादी बाजूले झाली, जशी गाय होते." तो सांगत होता जसं कोणा तिसऱ्याचं सांगतोय. "एक पिल्लू माझ्याकडं आलं. वास घेतला माझ्या हाताचा. त्याच्या मायनं बोलावलं बी नाही त्याले."

"ओळखू लागले तुले," मी म्हटलं.

"हो."

"मग चांगलंच झालं ना. घसा फोडायचं काम नाही. बस आरामात, पगार घे, हरणाइच्या गोष्टी ऐक."

दादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. आमच्या लहानपणी मी काही खोटं बोललो आणि त्याला ते कळलं की तो असा पाहायचा आणि आईला सांगायचा नाही.

"वाढ," तो वहिनीला म्हणाला.

तो जेवला. पोटभर जेवला, भात दोनदा घेतला. मी आणि वहिनी त्याचं ताटच पाहत बसलो. ताट रिकामं झालं, हात धुतला, मग गळ्यातला पास काढून त्यानं माझ्या मांडीवर ठेवला.

"उद्यापासून तू जा. साहेबाले सांग काय सांगायचं ते. तुले जमते."

"अन् तू?"

"माझं काय काम आहे तिथं?"

 वहिनीनं ताट उचललं आणि आत गेली, आणि आतून भांड्यांचा आवाज बराच वेळ आला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीनं हॉर्न दिला. दादा ओट्यावर बसून बांबूची काडी सोलत होता. मी पास घातला. फोटो त्याचा होता, पण गाडीवाल्यानं पाहिलंच नाही. कन्नाके तो कन्नाके.

"तुले उशीर होते," दादा म्हणाला.

मी दिवसभर तण काढलं. ऊन उतरल्यावर मचाणाखाली बसलो. चितळं आली. पाय आपटला नाही, कान फिरवले नाहीत, घरात शिरावं तशी आली. एक पिल्लू माझ्यापासून हातभर अंतरावरून गेलं. मी उठून उभा राहिलो तरी कोणी मान वर केली नाही.

मला कोणाचाही आवाज हुबेहूब काढता येतो. सरपंचाचा, कापगते साहेबांचा, बोकडाचा. दादाचा तर झोपेत येईल. मी दोन्ही हात तोंडाशी नेले, श्वास भरून घेतला.

आणि तसाच सोडून दिला. गाडी येईपर्यंत तिथंच बसून राहिलो. समजा मी दादाचा आवाज दिला असता आणि माझ्या नकलेला ती पळाली असती, तर घरी जाऊन दादाला काय सांगणार होतो?